'ळ' नसलेली गाणी

या घरात प्रुफं डोळ्यांनी नाही, कानांनी तपासतात. एकानं मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. दुसऱ्यानं कागदावर बोट ठेवून बघायचं. आणि नानांनी डोळे मिटून ऐकायचं. नानांची ही जुनी खोड. गाणं कागदावर कितीही देखणं दिसलं तरी तोंडातून बाहेर पडताना कुठे अडखळतं ते कानालाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. आणि बारा संगीत नाटकांची गाणी लिहिलेल्या माणसाशी या बाबतीत वाद घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्यामुळे नानांच्या समग्र गीतांची शेवटची प्रुफं वाचायला त्या दिवशी सकाळपासून सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले होते. पाच वाजता छापखान्याचा माणूस प्रुफं न्यायला येणार होता.

वाचायला बाळ होता. बाळ म्हणजे नानांच्या थोरल्या भावाचा मुलगा. वय पन्नास, डोक्यावर केस मोजके, धंदा नाटकांच्या प्रकाशयोजनेचा. बोट ठेवायला बेबी, नानांची लेक. बाळपेक्षा दोन वर्षांनी लहान, एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक. या कुटुंबात मोठं व्हायची पद्धतच नाही. बाळची बायको दातांची डॉक्टर, आज दुपारचा दवाखाना बंद ठेवून आली होती आणि सगळ्यांना बिस्किटं वाटत होती. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर शाल घेऊन, वहिनी.

त्या बाळच्या आई आणि नानांच्या भावजय, पण रंगभूमीवरच्या तीन पिढ्या त्यांना वहिनीच म्हणत आल्या होत्या. दादांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, चाली बांधायच्या, नानांनी त्यांत शब्द बसवायचे आणि वहिनींनी ते गायचे, असा पंचवीस वर्षांचा घरचाच कारखाना. दादा जाऊन नऊ वर्षं झाली होती. नाना पंचाहत्तर, वहिनी सत्त्याहत्तर. वहिनींना आज मुद्दाम बोलावलं होतं, कारण छापलेलं आणि गायलेलं कुठे जुळत नसेल तर ते सांगू शकणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं.

चार वाजायच्या आत गाणी संपली. वहिनींनी फक्त तीन ठिकाणी हात वर केला होता, आणि तिन्ही वेळा त्यांचंच बरोबर निघालं.

"आता राहिली प्रस्तावना," बेबी म्हणाली. तिच्या आवाजात जरा गुदगुल्या होत्या. प्रस्तावना तिनं लिहिली होती, आणि लेखकाच्या मुलीनं लिहिलेली म्हणून प्रकाशकानं ती पुस्तकाच्या पाठीवर जाहीरही करून टाकली होती. नानांनी ती वाचली होती. बाकी कुणी नाही.

बाळनं घसा साफ केला आणि सुरू झाला. नानांचं बालपण झालं, पहिली नोकरी झाली, दादांच्या पियानोखाली झोपून ऐकलेल्या चाली झाल्या. बाळचा आवाज चांगला, आणि वाचायच्या भरात अर्थाकडे लक्ष द्यायची त्याला सवय नाही.

"'पहिल्या नाटकाच्या पहिल्याच प्रयोगात, स्वल्पविराम, नायिकेच्या गाण्यात एक अघटित घडलं, पूर्णविराम. शब्द होते, अवतरण सुरू, डोळे मिटून घे, अवतरण पूर्ण, पूर्णविराम. वहिनींच्या माहेरची भाषा वेगळी, अर्धविराम, त्या भाषेत, अवतरणात ळ, हा उच्चारच नाही, पूर्णविराम. त्यांनी गायलं, अवतरण सुरू, डोले मिटून घे, अवतरण पूर्ण, पूर्णविराम. वरच्या सज्जातलं कुणीतरी खुर्चीत डोलू लागलं, स्वल्पविराम, आणि बघता बघता अख्खं प्रेक्षागृह डोलू लागलं, पूर्णविराम.'"

इथे डॉक्टरीणबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते बिस्किटात दाबलं. बाळ पुढे निघाला होता.

"'त्या दिवसापासून माझ्या वडिलांनी ते अक्षर लिहिलं नाही, पूर्णविराम. डोळे गेले, स्वल्पविराम, नजर आली, अर्धविराम, वेळ गेली, स्वल्पविराम, क्षण आले, पूर्णविराम. ज्या जिभेला ते अक्षर शेवटपर्यंत जमलं नाही, स्वल्पविराम, त्या जिभेसाठी एका कवीनं...'"

बाळ थांबला. त्यानं वर पाहिलं, आईकडे.

"वाच की," वहिनी म्हणाल्या.

"'...एका कवीनं आपल्या भाषेतलं एक अक्षर कायमचं सोडून दिलं,'" बाळनं कसंबसं संपवलं. पूर्णविराम म्हणायचा राहिला.

वहिनींनी शालीची घडी केली, ती खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि "चहा टाकते" म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्या मागोमाग डॉक्टरीणबाईही उठल्या.

"हे काय लिहिलंयस तू?" बाळनं आवाज दाबून विचारलं.

"काय म्हणजे? खरं आहे ते!" बेबीला धक्काच बसला होता. "किती सुंदर गोष्ट आहे, बाळ. लोकांना माहीतच नाही. त्या कुणा बाईंनी नानांच्या गाण्यांत डोळे का नाहीत यावर प्रबंध लिहिला, दोनशे पानं, आणि निष्कर्ष काय, तर कवीला शरीराचं भय वाटतं! मी म्हटलं, एकदा खरं कारण सांगून टाकू."

"आईला जमत नव्हतं हे सांगून?"

"कमीपणा कुठे आहे त्यात? तिच्यासाठी केलं ना त्यांनी!"

"त्यांचा मोठेपणा छापायला माझ्या आईचा तोतरेपणा कशाला वापरतेस?"

"तोतरेपणा मी म्हटलेलं नाही. तू म्हणतोयस." बेबीनं पेन्सिल खाली ठेवली. तिचे कान लाल झाले होते. "नाना, सांगा ना याला."

नानांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी प्रस्तावना वाचलेली होती, ही गोष्ट बेबीला अचानक आधारासारखी वाटली आणि लगेच तितकीशी वाटेनाशी झाली. तिला आठवलं, प्रस्तावना परत देताना नानांनी फक्त एवढंच म्हटलं होतं की शुद्धलेखन उत्तम आहे.

ही गोष्ट तिनं लहानपणापासून उराशी धरली होती. शाळेत इतर मुलींचे वडील कुठे कुठे साहेब होते. तिच्या वडिलांनी काकूसाठी एक अक्षर सोडलं होतं. बेबी मुद्रितशोधक झाली त्यातही या गोष्टीचा थोडा हात असावा. एका अक्षरानं माणसाचं काय काय होतं, हे तिला घरातच शिकायला मिळालं होतं.

स्वयंपाकघरात वहिनी कपाटातून कप काढत होत्या. एक कप त्यांनी दोनदा पुसला.

"आई," सून म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. बेबीच्या मनात तसं काही नाही."

"मला ठाऊक आहे. गुणी पोर आहे ती."

"पण खरंच येत नव्हतं तुम्हाला?"

"नव्हतं ना. जीभ कुठे न्यायची तेच कळायचं नाही. तुझे सासरे म्हणायचे, सोड गं, कोण एवढं ऐकतंय. आणि सातशे माणसांनी ऐकलं."

सून दुधाचं पातेलं हातात घेऊन उभी राहिली. दवाखान्यात ती दिवसभर लोकांच्या तोंडात बघते. जीभ कशी वळते, टाळूला कुठे लागते, हे तिला शिकवावं लागत नाही. तरी वीस वर्षं रोज कानावर पडणारी गोष्ट तिच्या आत्ता ध्यानात आली.

"आई, तुम्ही यांना बाळ म्हणता."

"मग काय साहेब म्हणू?"

"नाही, बाळ म्हणता. चांगला ठणठणीत. बाल म्हणाल्याचं मी एकदाही ऐकलेलं नाही."

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना एकदम हसू फुटलं. "पन्नास वर्षांनी एकीला तरी ऐकू आलं!"

मग त्यांनी सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. दुसऱ्या नाटकाच्या वेळी कपडेपटात एक बाई होत्या, टाके घालता घालता बडबड करणाऱ्या. त्यांनी वहिनींना धरलं. रोज तालमीआधी अर्धा तास, तोंडात काही नाही, समोर आरसा, आणि म्हणायचं: काळी, पिवळी, निळी, जांभळी. कपड्यांचे गठ्ठे समोरच असायचे. पहिले तीन महिने जीभ नुसती दुखली. पाचव्या महिन्यात एकदा "निळी" आली आणि त्या बाईंनी सुई खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर बाळ झाला. त्याला सगळे बाळ म्हणायला लागले तेव्हा वहिनींनी मुद्दाम दुसरं लाडाचं नाव ठेवू दिलं नाही.

"मग तुम्ही सांगितलं का नाही नानांना?"

"काय सांगायचं? ऐकायला तर येत होतं त्यांना, भिंतीपलीकडेच तर राहायचे." वहिनींनी कप ओळीनं मांडले. "हे नव्या नाटकाचे कागद घेऊन घरी आले ना, की मी आधी चाल नाही बघायची. ते एक अक्षर शोधायची. वरपासून खालपर्यंत. तिसऱ्या नाटकात नाही. चौथ्यात नाही. म्हटलं, अजून विश्वास बसत नसेल. सातव्या-आठव्यापर्यंत शोधलं. मग सोडलं." त्यांनी साखरेचा डबा पुढे ओढला. "मला वाटायचं, गाताना अजून माझं चुकत असणार, आणि सगळे मला सांभाळून घेतायत. इतकी वर्षं गायले गं मी, पण मनात कायम ती भीती. आता पुस्तकातही तेच आलं. शेवटपर्यंत."

सुनेनं चहाचा ट्रे उचलला तो जरा जोरातच.

"बेबी," ती टेबलाशी येऊन म्हणाली, "तुझ्या प्रस्तावनेत एक चूक आहे."

आत्तापर्यंत ही आपल्या बाजूची आहे, अशी बेबीची समजूत होती. "कुठली?"

"शेवटपर्यंत हा शब्द. आईंना ते अक्षर तिसऱ्या नाटकाच्या आधीपासून येतंय. शंका असेल तर त्यांनी तुझ्या भावाला हाक मारलेली ऐक."

आपलं नाव पुरावा म्हणून पुढे येईल, असं बाळला कधी वाटलं नव्हतं.

"हो, बोलताना येतं," बेबी म्हणाली. "मला माहीत आहे ना. पण बोलणं वेगळं आणि ताणलेला सूर वेगळा. सूर लांबवला की जीभ जुन्या जागी जाते. नाना नेहमी सांगतात." आणि तिनं वळून पाहिलं. "सांगता ना, नाना?"

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. "तसं म्हणाला होतात तुम्ही, भावोजी? कधी?"

नानांनी डोळे उघडले.

ते वाक्य त्यांनी प्रथम उच्चारलं तो दिवस त्यांना चांगला आठवत होता. तिसऱ्या नाटकाचं लिखाण चाललं होतं. भिंतीपलीकडे वहिनी आठ महिन्यांच्या पोराला हाका मारत होत्या, बाळ, बाळ, आणि ते अक्षर भिंतीतून स्वच्छ येत होतं. नानांनी ऐकलं. त्यांना आनंद झाला होता, अगदी खरा आनंद, आणि त्याच बैठकीत त्यांनी एका गाण्यात ते अक्षर लिहिलंही होतं. पण टेबलावर त्या आठवड्याचं वर्तमानपत्र पडलं होतं. दुसऱ्या नाटकावर अर्धं पान होतं. 'या कवीच्या प्रेमात डोळे नाहीत, नजर आहे. वेळ नाही, क्षण आहेत.' पंचविशीतल्या माणसानं ते वाक्य दिवसातून चारदा वाचलं होतं. संध्याकाळी दादा म्हणाले, अरे आता तिला येतं, लिही की. तेव्हा नानांनी थोरल्या भावाला ते उत्तर दिलं, बोलणं वेगळं आणि ताणलेला सूर वेगळा. दादांना सूर कळायचा, त्यांनी मान डोलावली असती तर बरं झालं असतं. ते फक्त बघत राहिले, आणि तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

पुढे ते वाक्य घरात राहायलाच आलं. नानांनी ते इतक्यांदा सांगितलं की मधली काही वर्षं त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत होतं. प्रस्तावना वाचताना मात्र वाटलं नाही. तरी त्यांनी शुद्धलेखनाचं कौतुक करून कागद परत दिले. त्यांना त्याची फार लाज वाटली.

"म्हणालो होतो," नाना म्हणाले. "दादाला. ते खरं नव्हतं, वहिनी."

बाळनं हातातला कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"मी ऐकलं होतं. तुम्हाला यायला लागलं हे मला त्याच वर्षी कळलं. भिंतीपलीकडून तुमची हाक ऐकली त्या दुपारी एका गाण्यात मी ते अक्षर लिहिलंही होतं, मग खोडलं. पण तोवर लोक म्हणायला लागले होते की ही माझी शैली आहे. आधी तुमच्यासाठी सोडलं होतं हे खरं. एका नाटकापुरतं. नंतरची दहा नाटकं मी ते माझ्यासाठी सोडलं आणि नाव तुमचं पुढे केलं."

"नाना!" बेबी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते वडिलांसाठी, काकूसाठी की स्वतःच्या बारा पानी प्रस्तावनेसाठी, हे तिला सांगता आलं नसतं.

"पेन्सिल घे," नाना तिला म्हणाले. "ते वाक्य काढ. लिही. तिसऱ्या नाटकाच्या आधीच वहिनींना ते अक्षर उत्तम येऊ लागलं होतं."

"उत्तम कशाला? येऊ लागलं होतं, पुरे," वहिनी म्हणाल्या. त्या येऊन आपल्या खुर्चीत बसल्या.

"येऊ लागलं होतं, पूर्णविराम. कवीला ते माहीत होतं, पूर्णविराम. तरी त्यानं ते लिहिलं नाही, स्वल्पविराम, कारण त्याच्याशिवाय त्याची स्तुती होत होती, पूर्णविराम."

"प्रकाशक काय म्हणेल?" बेबीनं विचारलं. पण ती लिहीत होती.

"काका, एवढं छापायलाच हवं का?" हा बाळ. घटकेपूर्वी तो याच माणसावर चिडून बसला होता. "तो सगळा परिच्छेदच काढू. कुणाचंच काही नको."

"मलाही तेच वाटतं," बेबी म्हणाली. आज पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"मग प्रबंधवाल्या बाईंचं खरं ठरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ज्यांना त्या पहिल्या प्रयोगाचं माहीत आहे, ते म्हणत राहतील की बाईंना कधी जमलंच नाही. राहू दे नाना सांगतायत तसं."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "भावोजी, त्या दुपारी लिहिलं होतंत म्हणालात. कुठल्या गाण्यात?"

नानांना उत्तर शोधावं लागलं नाही. "उठू नको रे."

ते गाणं कोण विसरेल! तिसऱ्या नाटकाचा पडदा त्याच गाण्यावर पडायचा. 'उठू नको रे इतक्यात, बस जरा शेजारी.' शेवटच्या 'री'वर चाल वर जाते आणि तिथेच थांबते. तिथे वहिनींचा आवाज बारीक व्हायचा, आणि जाणकार म्हणायचे, काय आर्तता आहे.

"शेजारीच्या जागी काय होतं?"

"जवळ."

वहिनी सरळ बसल्या. त्यांनी घसा साफ केला नाही, कुणाकडे पाहिलंही नाही. सत्त्याहत्तर वर्षांच्या आवाजात जेवढं उरलं होतं तेवढ्यात त्यांनी ती ओळ म्हटली. उठू नको रे इतक्यात, बस जरा जव... आणि 'व'वर चाल वर गेली, गळा मोकळा झाला, आवाज रुंद होऊन थांबला, आणि शेवटी तो अलगद 'ळ'वर टेकला.

दादांनी ती जागा उघड्या स्वरासाठी बांधली होती, हे तिथे बसलेल्या पाचही जणांना एकाच वेळी कळलं. पन्नास वर्षं जिला आर्तता म्हणत होते ती नुसती 'ई'नं आवळलेल्या गळ्याची ओढाताण होती. नानांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"हे चांगलं होतं," ते म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या. "खूपच चांगलं होतं. शेजारी काय, बसमध्येही बसतात."

बाळ हसला, आणि मग त्याला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं. खाली फाटकाशी छापखान्याचा माणूस सायकल लावत होता.

बेबीनं भराभर पानं उलटली. त्या गाण्याचं पान सापडलं. तिच्या हाताला घाई झाली होती. आयुष्यात एवढी मोठी दुरुस्ती तिनं कधी केली नव्हती. "काकू, मग इथे जवळ करते मी. समग्र गीतं आहेत, मूळ शब्द यायलाच हवा. नाना, करू ना?"

नानांनी त्या पानाकडे पाहिलं. त्यांना ते फार हवं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लपत नव्हतं. पण ते वहिनींकडे बघत होते.

जिन्यात पावलं वाजायला लागली. वहिनींनी हात पुढे केला आणि बेबीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"नको. मी शेजारी गायले. आठशे प्रयोग गायले. जे मला गायला मिळालं नाही ते पुस्तकात नको, भावोजी."

"बरं," नाना म्हणाले.

दारावरची घंटा वाजली, आणि बाळ दार उघडायला उठला.